उजव्या कानामागं

वजीरमामा मुलाणी एकच पार्ट पुन्हा पुन्हा तपासतात, अशी तक्रार आधी लाइनवरच्या पोरांनी केली. मग सुपरवायझरनं केली. शेवटी ती माझ्याकडं आली, कारण मी रांजणगावच्या त्याच कंपनीत क्वालिटीला आहे आणि मामा माझ्याच गावचे, निमोण्याचे. "तुझ्या गावचा माणूस आहे, तूच बोल," असं म्हणून सुपरवायझर मोकळा झाला.

आमच्याकडं पितळी बुश, म्हणजे मधे भोक असलेल्या छोट्या नळ्या, बनतात. बुशचं भोक तपासायला बोटाएवढा गेज असतो. त्याचं एक टोक भोकात सरकन गेलं पाहिजे आणि दुसरं टोक जाता कामा नये. एवढंच काम. पास झालेला पार्ट निळ्या क्रेटमध्ये, फेल झालेला लाल क्रेटमध्ये. मामांचा हात या कामावर इतका बसलेला होता की ते समोरच्याशी बोलत बोलत क्रेट भरायचे. पोरं मोबाइलवर रील बघताना अंगठा जसा सरकवतात, तसा त्यांचा गेज सरकायचा.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यानंतर मात्र ते बदलले. गेज लावायचे, काढायचे, पार्टकडं बघायचे आणि परत लावायचे. प्रत्येक वेळी ओठ हलायचे. क्रेटमध्ये टाकलेला पार्ट उचलून परत हातात घ्यायचे. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे मधूनच मान उजवीकडं वळवून मागं बघायचे, कुणी हाक मारल्यासारखं. मागं भिंत होती. भिंतीवर अग्निशामक टाकी.

लाइनवरचा एक बिहारी पोरगा त्यांना चिडवायचा. "चाचा, पार्ट पे फूँक मार रहे हो क्या? नजर लगी है इसको?"

"तुझ्या जिभेला लागलीय," असं मामा म्हणायचे आणि हसायचे. पण गेज परत लावायचे.

मी त्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं. चहा समोर ठेवला. म्हटलं, "मामा, काय चाललंय?"

त्यांनी आधी चहा संपवला. मग विचारलं, "सम्राट, तू देव मानत न्हाईस ना?"

"नाही मामा. आमच्या घरात कुणीच मानत नाही."

"मग तुलाच सांगतो. मानणाऱ्याला सांगितलं तर भ्याईल."

आता थोडं मुलाण्यांविषयी सांगायला हवं. आमच्या गावात म्हसोबाची जत्रा भरते. नवसाची बोकडं कापली जातात, देवापुढं नव्हे, पलीकडं चिंचेखालच्या वावरात. पण सुरी फिरवायची ती मुलाण्यानंच. बोकड धनगराचं, नवस मराठ्याचा, देव म्हसोबा आणि सुरी ठेवताना घ्यायचं नाव अल्लाचं. त्याशिवाय गावातलं कुणी त्या मटणाला हात लावत नाही. याचं कुणाला कधी नवल वाटलेलं मी तरी पाहिलं नाही. मामांचे वडील, ज्यांना सगळं गाव मुलाणीआबा म्हणायचं, त्यांनी उभा जन्म ही सुरी धरली. त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांनी.

त्या वर्षी थंडी सरता सरता आबा गेले. शुक्रवार होता. मोठ्या जमातीत, पुष्कळ माणसांसोबत, नमाज पढायची त्यांना हौस, म्हणून ते दर जुम्म्याला शिरूरला जायचे. धुतलेले कपडे घालून, अत्तर लावून रस्त्याच्या कडेला जीपची वाट बघत उभे होते. एका टेम्पोनं त्यांना उडवलं. कपड्यांना अत्तराचा वास तसाच होता, असं मामा म्हणाले.

दोन-अडीच महिन्यांनी जत्रा आली आणि सुरी मामांच्या हातात आली.

"पयलं बोकड सखूबाईचं व्हतं," मामा सांगू लागले. "म्हाळूनं पाय धरलेले. हलगी वाजत व्हती. मी सुरी ठिवली. नाव तोंडाशी आलं. आन् तेवढ्यात मनात आलं, कशाला घेऊ तुझं नाव? तुझ्याच दारी निघालेला माणूस तू रस्त्यात टाकलास. न्हाई घेत जा."

कॅन्टीनमध्ये पलीकडं कुणीतरी ताटं आपटत होतं.

"मग?"

"मग हात फिरला. रगत आलं. नाव घेतलं का न्हाई, ते मला ठावं न्हाई."

"विसरला असाल, मामा. गडबडीत होतं."

"इसरलो असतो तर माफी हाय. ते मला बी माहीत हाय. पण मी इसरलो नव्हतो रं. चांगलं आठवत व्हतं. आठवलं म्हणून तर राग आला."

सगळं गाव जेवलं. मामींनी, म्हणजे खातूनमामींनी, मुलाण्याच्या मानाचा वाटा शिजवला. मामांनी पहिला घास उचलला आणि उजव्या कानामागून आवाज आला.

"बोल्या क्या, वजीर?"

मुलाण्यांच्या घरात आपसात असंच बोलतात. म्हणलास का, वजीर? आवाज आबांचा होता. "खोकल्यासकट," मामा म्हणाले. "बोलायच्या आधी अब्बा बारीक खोकायचे बघ. तसाच खोकला, आन् मग इचारणं."

मामांनी घास खाली ठेवला. तेव्हापासून ते स्वतःच्या हातचंच काय, कुणाच्याच हातचं मटण खात नव्हते. शिरूरच्या बाजारात एकदा त्यांनी खाटकालाच विचारलं, नाव घेतलंस का म्हणून. तो सुरी हातात घेऊनच बाहेर आला. "चाचा, तुम्ही स्वतः मुलाणी. मला हे विचारता? कुणी दुसऱ्यानं विचारलं असतं तर आज बाजारात दोन बोकडं कापली असती."

आवाज फक्त मटणापुरता राहिला नाही. नमाजाआधी हातपाय धुऊन वजू केली की आवाज. नमाजला उभं राहिलं की आवाज. दाराला कडी लावली की आवाज. पार्टला गेज लावला की आवाज. त्यामुळं मामा प्रत्येक गोष्टीआधी बिस्मिल्ला म्हणू लागले आणि म्हटलं की मागून खोकला यायचा.

मी डिप्लोमा केलेला माणूस. मला वाटलं, समजावून सांगितलं की सुटेल. म्हटलं, "मामा, गेज दुसऱ्यांदा लावल्यानं भोक बदलत नाही."

"भोक न्हाई बदलत," ते म्हणाले. "पण मी पयल्यांदा लावला व्हता, ह्याला काय पुरावा?"

मी कप उचलला आणि त्यांना लाइनपर्यंत सोडायला गेलो.

आमच्या घरात देव नाहीत असं मी म्हटलं. ते होते कधीतरी. माझ्या पणजोबांनी धम्म घेतला तेव्हा देवघरातले टाक फडक्यात बांधून घोडनदीत सोडून आले. पुन्हा मागं वळून पाहिलं नाही, असं घरात अभिमानानं सांगतात. पण माझी पणजी दिवा लावण्याच्या वेळेला त्या रिकाम्या कोनाड्यापुढून जाताना पदर सावरायची, हेही सांगतात, जरा हसून. मामांशी बोलून परत टेबलावर आलो तेव्हा मला ती आठवली. त्या दिवशी काम करताना मीही एकदा उजवीकडं वळून मागं पाहिलं. लाज वाटली.

मामांनी उपाय केले नाहीत असं नाही. आधी त्यांनी म्हाळूला विचारलं, कारण बोकडाचे पाय धरून तोच सगळ्यात जवळ होता. म्हाळू म्हणाला, "बोकडाला इचार. त्याचा कान जवळ व्हता." मग मामांचा चेहरा बघून घाईनं म्हणाला, "घेतलं, घेतलं. मी ऐकलं की." पण हलगी वाजत असताना त्याला कानाशी बोललेलंही ऐकू येत नाही, हे मामांना माहीत होतं.

मग ते शिरूरला मौलानांकडं गेले. मौलाना शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "याला वसवसा म्हणतात. सैतान मनात शंकेची कुजबूज करतो. वजू झाली का, नमाज झाली का, नाव घेतलं का. त्याला उत्तर द्यायचं नाही, हाच उपाय."

"पण तो अब्बांच्या आवाजात बोलतो."

"मग काय स्वतःच्या आवाजात बोलेल?"

मामा उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "मौलाना, एक सांगा. सैतान असंल तर अल्लाचं नाव घे म्हणून मागं का लागंल? त्याला तर नको असायला पायजे."

मौलानांनी टोपी काढून परत घातली. मग म्हणाले, "लक्ष देऊ नका." पण आधीसारखं ठामपणे म्हणाले नाहीत.

मामी माहेरच्या केडगावच्या. त्यांचा भाऊ नौशाद दौंडला असतो. त्यानं मामांना तिथल्या मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी हा आजार असतो, पुष्कळांना असतो, असं सांगून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी मामांना झोप लागू लागली, पुन्हा पुन्हा नमाज पढून धरलेली पाठीतली कळ गेली. "आवाज बी झोपाळला," ते मला म्हणाले. "पर इचारायचं सोडंना. पेंगत पेंगत इचारतो."

मामींना हे सगळं दिसत होतं. त्या एकदा मला म्हणाल्या, "सम्राट, मला सैतानाचं भ्या न्हाई वाटत. मला दुसरंच भ्या वाटतं. ह्यांना तो आवाज पायजेल असंल तर? बाप परत मिळाल्यासारखं वाटत असंल तर?"

मी मामांना तपासणीवरून काढून स्टोअरला बसवलं. तिथं मोजायचं काही नव्हतं, नुसतं उचलून ठेवायचं. पण उचलून ठेवलेला खोका ते परत उचलून बघू लागले.

अशात वर्ष फिरलं आणि जत्रा आली. मामांनी ठरवलं होतं, यंदा सुरी धरायची नाही. न्हावऱ्याहून कुणालातरी बोलवा, असा निरोप त्यांनी गावात दिला. निरोप ऐकून सखूबाई स्वतः त्यांच्या दारात आली. सखूबाई म्हणजे पोरींच्या लग्नाच्या फोटोतही हातात काठी धरून उभी राहणारी म्हातारी धनगरीण. तिच्या कळपातलं एक बोकड दर वर्षी म्हसोबाला जातं.

"वजीऱ्या, सुरी परजली का?"

"मावशी, निरोप धाडला व्हता ना. मला बरं न्हाई."

"बोकडाला बी बरं न्हाई. काल धरनं पाल्याला तोंड लावंना. दोघं बी जोडीनं या."

"चेष्टा नको मावशी. न्हावऱ्याचा माणूस चांगला हाय."

"चांगला असंल. मी काय त्याला पोरगी द्यायची हाय? आमच्या बोकडावर तुमच्याच घरचा हात पडतो. माझ्या सासूच्या टायमापास्नं. तुला नसंल धरायची तर चिंचेखाली येऊन सगळ्यांपुढं सांग, माझ्या बापाची सुरी मी टाकली म्हणून."

ती गेल्यावर मामांनी सुरी काढली. मामींनी मला फोन केला. "तू जरा संगं ऱ्हा."

आमच्या घरचं कुणी त्या जत्रेत नवसाला जात नाही, पण मी गेलो. चिंचेखाली माणसं जमली होती. म्हाळूनं सखूबाईचं बोकड आडवं केलं, पाय धरले. तांबड्या कानांचं, तरणं बोकड होतं. मामा गुडघ्यावर बसले. डाव्या हातानं त्यांनी बोकडाची मान मागं घेतली आणि सुरी ठेवली. ओठ हलले.

सुरी फिरली नाही.

त्यांनी परत नाव घेतलं. या वेळी ऐकू येईल असं. मग मान उजवीकडं वळली, मागं पाहिलं. परत नाव घेतलं, आणखी मोठ्यानं. हलगीवाल्यानं हात आखडला. आता त्या वावरात फक्त मामांचा आवाज होता. ते नाव घेत होते, थांबून ऐकत होते आणि परत घेत होते. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. बोकड ओरडत नव्हतं. सुरीखाली त्याचा गळा वरखाली होत होता, तेवढंच. लोक एकमेकांकडं बघू लागले. कुणीतरी मागून म्हणालं, "अंगात आलं का काय मुलाण्याच्या?" पण हसलं कुणी नाही. मला पुढं व्हावंसं वाटलं, पण पुढं होऊन करणार काय, ते कळेना.

शेवटी सखूबाई चिडली. काठी आपटत म्हणाली, "आरं, किती बारी हाका मारशील? भैरा हाय का तुझा देव?"

मामा थांबले.

"तुझा बाप एकदा म्हणायचा," ती म्हणाली. "ते बी तोंडातल्या तोंडात. म्हाळ्याचा बा असायचा पाय धरायला. एकदा त्यानं इचारलं, आबा, नाव घेतलं का? मला काय ऐकू आलं न्हाई. तर आबा काय म्हणला ठावं हाय? 'तुला ऐकवाया न्हाई घेतलं.' आन् फिरवली सुरी. दुसऱ्यांदा म्हणलेला म्या तरी त्याला कवा बघितला न्हाई."

मी मामांच्या समोर उभा होतो, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांनी परत एकदा उजवीकडं मान वळवली, पण या वेळी हळूहळू. ओळखीचा म्हणून घरात घेतलेल्या पाहुण्याचा चेहरा दिवसाउजेडी पहिल्यांदा नीट दिसावा, तसे ते मागं बघत राहिले. मागं चिंचेचं खोड होतं. मला तिथं काहीच दिसत नव्हतं आणि मामांना दिसत होतं असंही नाही. पण इतके महिने त्यांच्या कानाशी बसून जे बोलत होतं ते एकदाच नाव घेणारे आबा नव्हते, हे त्यांना त्या क्षणी कळलं, एवढं मला समजलं.

त्यांनी सुरी बाजूला घेतली.

"म्हाळू, सोड त्याला."

"आं?"

"सोड. आत्ता जेवढ्या बारी नाव घेतलं ते त्या आवाजाच्या भ्यानं घेतलं. अल्लासाठी एकदा बी न्हाई. ह्याच्यावर सुरी न्हाई फिरवता येत."

म्हाळूनं सखूबाईकडं पाहिलं. मामा उठून तिच्यापुढं गेले. सगळ्या गावादेखत म्हणाले, "मावशी, मागल्या साली तुमच्या बोकडावर मी नाव घेतलं का न्हाई, मला ठावं न्हाई. अब्बा गेल्याचा राग व्हता. मुद्दाम न्हाई घेतलं असं बी असंल. तुमी सगळ्यांनी ते खाल्लंय."

गर्दीत कुजबूज झाली. एक-दोघं मान हलवत बाजूला गेले. गेल्या वर्षीचं जेवण आता कोण कुणाच्या पोटातून काढून घेणार होतं?

सखूबाई काठी टेकत बोकडापाशी गेली. मग म्हणाली, "बाप मेल्यावर देवाशी गोड कोण बोलतं? मी तर माझा नवरा गेला तवा म्हसोबाच्या शेंदरावर थुंकले व्हते. त्यानं काय केलं? काय न्हाई. बसून ऱ्हायला तिथंच." तिनं कमरेची लहान सुरी काढली आणि बोकडाच्या कानाला चीर दिली. "सोडलं म्हसोबाला."

देवाला सोडलेल्या बोकडाला आमच्याकडं कुणी हात लावत नाही. ते गावभर हिंडतं, कुणाच्याही वावरात चरतं. म्हाळूनं पाय सोडले. बोकड उठलं, अंग झटकलं आणि गर्दीतून निघून गेलं. बाकीच्या बोकडांसाठी मग न्हावऱ्याहून माणूस बोलावला. मामांनी आपली सुरी पाण्यानं धुतली, खरं तर तिला रक्ताचा थेंबही लागला नव्हता, आणि ते घरी गेले.

त्यानंतर मी त्यांना परत तपासणीला घेतलं. सुपरवायझरला ते पटलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी शेजारी उभा राहिलो. मामांनी गेज लावला, काढला. ओठ एकदा हलले. मग ते तसेच थांबले, पार्ट हातात धरून, पाठीमागचं काही ऐकत असल्यासारखे. मान वळली नाही. पार्ट निळ्या क्रेटमध्ये पडला.

"आला का?" मी विचारलं.

"आला."

"मग?"

"मग काय. पुढला पार्ट."

गोळ्या चालू आहेत. नमाज चालू आहे, ती आता दर वेळी एकदाच होते. मटण अजून खात नाहीत. त्या पहिल्या जत्रेत सुरीखाली नेमकं काय झालं, ते त्यांना अजून माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. जुम्म्याला ते शिरूरला जातात, रस्त्याच्या त्याच कडेला जीपची वाट बघतात. तिथं उभं राहून काय बोलता, असं मी विचारलं होतं. "भांडतो," ते म्हणाले. "तोंडावर भांडतो. पाठीमागनं न्हाई."

चिरलेल्या कानाचं ते बोकड आता चांगलं दांडगं झालंय. साऱ्या गावात त्याला फिरायला मोकळीक आहे, पण दुपारी ते मुलाण्याच्याच दारात येऊन बसतं. मामी त्याला शिळी भाकरी घालतात आणि शिव्याही घालतात. परवा मी गेलो तेव्हा मामा उंबऱ्यावर बसले होते, बोकड त्यांच्या पायाशी. आवाज अजून येतो का, हे मी पुन्हा विचारलं.

"येतो. पर अब्बांचा न्हाई ऱ्हायला. कुनाचाच न्हाई. नुसतं इचारणं ऱ्हायलंय." ते बोकडाच्या चिरलेल्या कानावरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, "आदी अब्बांचा आवाज आपसूक यायचा रं. आता आठवावा लागतो. खोकला आठवतो. त्याच्या फुडचं आठवत न्हाई."